मदतीचे इंग्रजी : शब्द जोडीने शिका



नांगराला एकटा बैल जुंपून कोणी नांगरट करीत नाही. जोडी लागते, आणि तीही एकमेकांना साजेशी लागते. एक दांडगा नि एक मरतुकडा असे जुंपले की तास वाकडे गेलेच म्हणून समजा. भाषेतल्या शब्दांचेही असेच असते.

आपल्या मराठीचेच पाहा ना. मदत आपण 'करतो', आधार 'देतो', हातभार 'लावतो', अडल्यावेळी 'धावून जातो', आणि कोणाचे उपकार झाले तर ते 'फेडतो'. 'हातभार केला' किंवा 'मदत लावली' असे कोणी म्हणाले तर घरातले लहान पोरसुद्धा हसेल. हे आपल्याला शाळेत कोणी शिकवले नाही. चुलीपुढे, बांधावर, बाजारात ऐकून ऐकून ते अंगात मुरले.

इंग्रजीत नेमके इथेच आपले घोडे अडते. मुले पाठ करतात, 'हेल्प म्हणजे मदत'. शब्द येतो, पण त्याला जोडीला कोण, हे ठाऊक नसते. मग बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या घरात हे इंग्रजी कशाला? त्याचे कारण सांगतो. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर, पीकविम्याच्या ॲपवर, बँकेच्या कागदावर मदतीची भाषा आज पुष्कळदा इंग्रजीतच असते. शिवाय आपण ज्याला सरसकट 'मदत' किंवा 'भरपाई' म्हणतो, त्याला इंग्रजीत पाचसहा निरनिराळे शब्द आहेत. प्रत्येकाचा हिशेब वेगळा. एक परत करावी लागते, एक करावी लागत नाही. एक मागून मिळते, एक हक्काने घ्यायची असते. शब्द चुकला तर कधी मुदत चुकते, कधी पैसा चुकतो. म्हणून हे पान आज घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून वाचा.

रोजच्या वापरातल्या जोड्या

पहिली जोडी आहे 'आस्क फॉर हेल्प', म्हणजे मदत मागणे. नुसते 'आस्क' म्हणजे विचारणे. त्याला 'फॉर' जुंपला की ते मागणे होते. 'फॉर' विसरू नका.

दुसरी जोडी 'नीड हेल्प', म्हणजे मदतीची गरज असणे. 'आय नीड हेल्प', मला मदत हवी आहे. कोणत्या कामात हवी ते सांगायचे असेल तर आपल्या मराठीच्या सवयीने मुले 'इन' लावतात. इंग्रजीत तिथे 'विथ' बसतो. 'आय नीड हेल्प विथ धिस फॉर्म', या अर्जासाठी मला मदत हवी आहे. बँक असो की कॉलेजची खिडकी, एवढे एक वाक्य नीट आले तरी निम्मे काम होते. त्याच्या पुढे 'सर' किंवा 'मॅडम' आणि मागे 'प्लीज' जोडले की ते अदबीचेही होते.

तिसरी जोडी 'गेट हेल्प', मदत मिळवणे किंवा मदत घेऊन येणे. विहिरीत कोणी पडले, गोठ्याला आग लागली, तर ओरडून सांगायचे ते हेच : 'गेट हेल्प!' हाक मारून मदत बोलावणे याला 'कॉल फॉर हेल्प' म्हणतात.

चौथी जोडी 'ऑफर हेल्प'. 'ऑफर' हा शब्द आपल्याला दुकानाच्या पाटीवरून माहीत आहे. एकावर एक फुकट म्हणजे ऑफर. मूळ अर्थ मात्र 'देऊ करणे' असा आहे. न मागता मदत देऊ करणे म्हणजे 'ऑफर हेल्प'. दुकानदार किंवा कचेरीतला माणूस 'कॅन आय हेल्प यू?' म्हणतो, तेव्हा तो मदत देऊ करीत असतो. गोंधळून जाऊ नये. 'येस, प्लीज' म्हणावे आणि काम सांगावे.

आता एक नेहमीची चूक पाहू. 'मी त्याला मदत केली' याचे आपली मुले शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी करतात आणि 'आय डिड हेल्प टू हिम' असे लिहितात. इंग्रजीत 'हेल्प' हेच क्रियापद आहे, त्याला 'करणे' वेगळे लागत नाही. आणि 'त्याला' मधल्या 'ला'साठी 'टू'ही लागत नाही. 'आय हेल्प्ड हिम', एवढेच बस्स. जिथे एक औत पुरते तिथे तीन कशाला जुंपायची?

दुसरी चूक मोजण्याची. 'हेल्प' हा शब्द पाण्यासारखा आहे. पाणी आपण एक-दोन-तीन असे मोजत नाही. पाण्याच्या पाळ्या मोजतो, बादल्या मोजतो. तसेच इंग्रजीत 'वन हेल्प, टू हेल्प्स' होत नाही. थोडी मदत म्हणजे 'अ लिटल हेल्प' किंवा 'सम हेल्प', पुष्कळ मदत म्हणजे 'अ लॉट ऑफ हेल्प'. काम झाल्यावर आभार मानताना मात्र 'यू वेअर अ बिग हेल्प' असे म्हणतात. तुमची फार मदत झाली, असा त्याचा भाव.

हात देणे दोन्हीकडे सारखेच

काही बाबतीत इंग्रज शेतकरी आणि आपला शेतकरी एकाच मातीतले वाटतात. आपण 'हात देतो', तेही 'गिव्ह अ हँड' म्हणतात. पोते उचलायला कोणी हवे असेल तर 'गिव्ह मी अ हँड', जरा हात लावा. दुसरी जोडी आहे 'लेंड अ हँड'. 'लेंड' म्हणजे उसने देणे. हात उसना द्यायचा! आपल्या सावडीत दुसरे काय असते? आज मी तुझ्या कापणीला, उद्या तू माझ्या मळणीला. कुठे याला पैरा म्हणतात, तर कुठे दिवसभरासाठी शेजाऱ्यांची औते बोलावून, त्यांना जेवू घालून इर्जिक करतात. शब्द वेगळे असले तरी हिशेब एकच : हात उसना घेतला की हातानेच फेडायचा. शेतावरच्या गड्याला तर इंग्रजीत 'फार्म हँड' असाच शब्द आहे.

पण सारखे दिसते म्हणून सगळीकडे सारखे समजू नये. 'हेल्प योरसेल्फ' याचा अर्थ मुले 'स्वतःची मदत कर' असा लावतात. जेवणाच्या वेळी कोणी असे म्हणाले तर त्याचा अर्थ असतो 'संकोच करू नका, हवे ते वाढून घ्या'. आणि 'आय कान्ट हेल्प इट' म्हणजे 'मी मदत करू शकत नाही' असे नव्हे. 'माझा इलाज नाही' असा त्याचा अर्थ. एखादा कारकून असे म्हणाला तर तो मदत नाकारतो आहे असे समजून भांडायला उठू नका. नियम त्याच्या हातात नाही, एवढेच तो सांगत असतो. मग विचारावे की हे कोणाच्या हातात आहे.

'सेल्फ-हेल्प' हा शब्द तर आता आपल्या मायबहिणींनी घरचाच केला आहे. 'सेल्फ-हेल्प ग्रुप' म्हणजे आपला स्वयंसहायता बचत गट. १९९२ साली नाबार्डने असे गट बँकांशी जोडायला प्रायोगिक सुरुवात केली. 'सेल्फ' म्हणजे स्वतः आणि 'ग्रुप' म्हणजे गट. एकमेकींच्या साथीने स्वतःची मदत स्वतः करायची, एवढा मोठा अर्थ त्या तीन शब्दांच्या जोडीत बसवला आहे.

डब्यावरची मदत : 'फर्स्ट एड'

मदतीला इंग्रजीत आणखी एक शब्द आहे, 'एड'. अर्थ तोच, पण जोड्या ठरलेल्या. जखमेवर किंवा विषबाधेवर डॉक्टर येईपर्यंत जी मदत करायची तिला 'फर्स्ट एड' म्हणतात. 'फर्स्ट हेल्प' असे कोणी म्हणत नाही.

हा शब्द सगळ्या घराने ओळखावा असे मी कळकळीने सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती गोष्ट आपल्याला विसरून चालणार नाही. औषधाच्या डब्यावर चौकोनात एक रंगाचा त्रिकोण असतो. लाल असेल तर अत्यंत विषारी. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि सर्वांत कमी विषारी तो हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, कमी विषारी एवढेच.

डब्याबरोबर घडीचा कागद येतो. तो फेकून देण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, ती मोडली पाहिजे. त्यावरचे मराठी अक्षर बारीक असले किंवा पुसले असले तरी निदान तीन जोड्या ओळखता याव्यात. 'फर्स्ट एड' म्हणजे प्रथमोपचार. 'सिम्प्टम्स ऑफ पॉयझनिंग' म्हणजे विषबाधेची लक्षणे. आणि 'सीक मेडिकल हेल्प'. यातला 'सीक' म्हणजे शब्दशः शोधणे. जोडीत मात्र त्याचा अर्थ 'डॉक्टरकडे जा' असा होतो. जवळच 'अँटिडोट' असा शब्द असेल. तो म्हणजे विषावरचा उतारा, आणि तो डॉक्टरनेच द्यायचा असतो. म्हणून रोग्याबरोबर डबा किंवा तो कागद दवाखान्यात न्यायचाच. कोणते विष हे कळले तर डॉक्टरला उपचार लवकर ठरवता येतात.

'एड'ची दुसरी जोडी आहे 'लीगल एड', म्हणजे मोफत विधी सहाय्य. बांधाचा तंटा, वारसाची नोंद, पोटगी अशी कामे पैशाअभावी अडून राहतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि आपत्तीत सापडलेले लोक यांना मिळकत न पाहता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना मिळकतीच्या मर्यादेत. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती कुठे बसते, एवढे विचारायचे.

पैशाची मदत : शब्द बदलला की हिशेब बदलतो

आता मुख्य मुद्दा. गावात आपण म्हणतो, 'सरकारची मदत आली' किंवा 'भरपाई आली'. कागदावर कोणता शब्द आहे ते पाहत नाही. आणि मग आशा एक असते, हाती पडते दुसरेच.

'रिलीफ' हा शब्द घ्या. अर्थ दिलासा. १८७५ साली सुप्याला आणि आसपासच्या मुलखात शेतकऱ्यांनी सावकारांच्या खतांची होळी केली. त्यानंतर १८७९ साली इंग्रज सरकारने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी जो कायदा केला त्याच्या नावात हाच शब्द होता : 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट'. त्या कायद्याने कोणाच्या हातात रुपया दिला नाही. न्यायालयाला कर्जखताच्या मागे जाऊन खरा हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला, तोच तो 'रिलीफ'.

अलीकडचे उदाहरण २००८ सालचे. केंद्र सरकारच्या त्या कर्जयोजनेच्या नावात दोन जोड्या होत्या, 'डेट वेव्हर' आणि 'डेट रिलीफ'. आपण दोन्हींना 'कर्जमाफी' म्हणून मोकळे झालो. प्रत्यक्षात 'वेव्हर' म्हणजे माफी, ती दोन हेक्टरपर्यंतच्या अल्प व अत्यल्प भूधारकांना होती. त्याहून जास्त जमीन असलेल्यांना 'रिलीफ' होता. त्यांनी पात्र रकमेचे ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट. विदर्भात कोरडवाहू जमीन दोन हेक्टरांपेक्षा जास्त असलेले पुष्कळ. त्यांना वाटले आपलेही कर्ज गेले. एका शब्दाचा फरक किती मोठा असतो पाहा.

तिसरी जोडी 'इनपुट सबसिडी', म्हणजे निविष्ठा अनुदान. गारपीट, अतिवृष्टी, पूर यांत पीक गेले की आपत्ती निधीतून जी रक्कम खात्यावर येते, तिला नियमावलीत हा शब्द आहे. 'इनपुट' म्हणजे बी-बियाणे, खत वगैरे. म्हणजे पुढच्या पेरणीला हात म्हणून दिलेली ही रक्कम. गेलेल्या पिकाची ती किंमत नव्हे. त्यासाठी नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असावे लागते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. 'आमचे लाखाचे गेले नि हजार आले' असे आपण म्हणतो, ते दुःख खरेच आहे. पण गेलेल्या पिकाचा हिशेब या खिडकीवर होत नाही. तो विम्याच्या खिडकीवर मागायचा असतो.

तिथे शब्द आहे 'क्लेम', म्हणजे दावा, हक्काने मागणे. 'क्लेम'च्या जोड्या तीन : 'फाइल अ क्लेम', दावा दाखल करणे; 'सेटल अ क्लेम', दावा निकाली काढून पैसे देणे; 'रिजेक्ट अ क्लेम', दावा नाकारणे. आणि या सर्वांच्या आधी येतो तो 'इंटिमेशन', म्हणजे नुकसानीची सूचना. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्थानिक आपत्तीची आणि काढणीनंतरच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याची अट आहे. आपल्या राज्यात, आपल्या पिकाला, त्या हंगामात हे संरक्षण ठेवले आहे की नाही, हे दर वर्षी विमा भरतानाच विचारून घ्या. ॲपवर 'क्रॉप लॉस इंटिमेशन' असे दिसले की समजा, घड्याळ सुरू झाले आहे. पंचनाम्याला कोणी येईल म्हणून वाट बघत बसू नका.

'कॉम्पेन्सेशन' म्हणजे खरी भरपाई. कोणी आपले काही घेतले किंवा नुकसान केले, त्याचा मोबदला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या नावातच 'राइट टू फेअर कॉम्पेन्सेशन' अशी जोडी आहे. 'राइट' म्हणजे हक्क, 'फेअर' म्हणजे रास्त. तिथे आपण हात पसरत नाही, रास्त मोबदला मागतो. कागदावर हा शब्द असेल तर सही करण्यापूर्वी आकडा नीट तपासून घ्यावा.

'सबसिडी'ची आणखी एक जोडी अवजारे घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी : 'प्री-सँक्शन', म्हणजे पूर्वसंमती. यांत्रिकीकरणाच्या योजनेत आधी पूर्वसंमती, मग खरेदी, मग बिल, आणि शेवटी अनुदान खात्यावर. हंगामाची घाई म्हणून आधीच यंत्र उचलले तर अनुदानावर पाणी सोडावे लागते. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी तक्रारींचे मूळ एवढेच असते.

आणि एक जोडी पाहा, 'इन्कम सपोर्ट'. २०१९ पासून पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात, ते 'लोन' नव्हे. 'सपोर्ट' म्हणजे टेकू. पपईच्या झाडाला देतो तसा. तो फेडायचा नसतो. 'लोन' मात्र 'टेक' केले की 'रिपे' करायचेच, म्हणजे घेतले की फेडायचे.

मदतीच्या शब्दांनी इतिहासही बदलतो, याचे एक उदाहरण आपल्याच राज्याचे आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे, पाझर तलाव खोदणारे हात लाखांनी होते. अशा कामांना इंग्रजी अंमलापासून 'रिलीफ वर्क्स' म्हणत. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्यात 'रिलीफ'च्या जागी 'गॅरंटी' हा शब्द आला. दिलाशाच्या जागी हमी आली. जे दयेने मिळत होते ते मागण्याचा हक्क झाला. पुढे २००५ साली देशाने त्याच धर्तीवर कायदा केला.

घरातली शाळा

आता हे शिकायचे कसे? शिकवणी लावायची गरज नाही. चाळीस पानी वही घ्या. आठवड्याला पाच जोड्या, त्यापेक्षा जास्त नको. डाव्या बाजूला मराठी, उजवीकडे इंग्रजी बोल. शब्द कधीही एकटा लिहायचा नाही, जोडीनेच लिहायचा, आणि खाली घरातल्या कामाचे एक वाक्य. जेवणानंतर आजीने किंवा आईने मराठी म्हणायचे, मुलांनी इंग्रजी. मग उलट. आजीला इंग्रजी येत नाही म्हणून तिला वगळू नका. 'सावड' नि 'उसनवारी' यांतला फरक तुमच्यापेक्षा तिला जास्त कळतो, आणि तो कळला की 'लेंड' नि 'गिव्ह' यांतला फरक मुलांना सहज उमजतो.

दुसरे, घरात आलेला प्रत्येक कागद एकदा वहीशेजारी ठेवून वाचा. औषधाचा डबा, विम्याची पावती, बँकेचा संदेश. मदतीचा शब्द दिसला की त्याला तीन प्रश्न विचारा. ही परत करायची आहे का? हिला मुदत आहे का? ही मेहेरबानी आहे की हक्क? उत्तर सापडले नाही तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विचारा. २००४ सालापासून ही सोय आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. नाहीतर गावच्या कृषी सहाय्यकाला गाठा.

तिसरे आणि महत्त्वाचे. इंग्रजी शिकायचे ते बुजू नये म्हणून. मराठी सोडण्यासाठी नव्हे. राज्याचा कारभार मराठीत चालावा असा १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आहे. सरकारी कचेरीत कागद कळला नाही तर 'मला हे मराठीत समजावून सांगा' असे म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही. न समजता अंगठा किंवा सही देण्यात मात्र धोका आहे. आपल्यात मदत मागायची लाज फार. सावडीला हाक मारताना ती वाटत नाही, कारण उद्या आपणही जाणार असतो. कचेरीच्या खिडकीपुढेही तसेच ताठ उभे राहावे. आपला शेतसारा, आपला विम्याचा हप्ता, आपला घाम त्यात आहे.

तेव्हा या आठवड्याच्या पाच जोड्या लिहून घ्या : 'आस्क फॉर हेल्प', 'नीड हेल्प विथ', 'फर्स्ट एड', 'इनपुट सबसिडी' आणि 'फाइल अ क्लेम'. पुढच्या फवारणीआधी निदान तिसरी तरी घरातल्या प्रत्येकाला डब्यावर बोट ठेवून दाखवता आली पाहिजे.